अँटिबायोटिक जिवाणूवर नेमका घाव कुठे घालतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. लघवीला जळजळ सुरू झाली म्हणून फोंड्यातल्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुरू केलं आणि लघवी कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवली. रिपोर्टमध्ये ई. कोलाय हा जिवाणू निघाला, तेव्हा सिप्रो बंद करून त्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलं. फार्मसीत कळलं की ही फार जुनी गोळी आहे. भावाचं म्हणणं, या वयात काहीतरी हेवी द्यायला हवं होतं, निदान इंजेक्शन तरी. त्यात रिपोर्टवर सिप्रोपुढे ४ आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ लिहिलंय. आकडा मोठा असलेलं औषध कसं काय चालतं? आणि मुळात ही सगळी औषधं जिवाणूला मारतात तरी कशी?

डॉक्टरांनी औषध बदललं ते बरोबर केलं. पण भावाची शंका एकट्या त्यांची नाही. मी गोव्यात मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं कल्चर वाचते आहे, आणि रिपोर्ट न्यायला आलेल्या दर दुसऱ्या घरातून 'यातलं सगळ्यात पावरफुल कुठलं?' हा प्रश्न येतोच. त्या एका समजुतीपायी माणसं चांगली, नेमकी औषधं बाजूला सारतात आणि नको ती घेतात. म्हणून सविस्तर लिहिते.

अँटिबायोटिकांमध्ये हलकं, मध्यम, भारी अशी उतरंड नसते. प्रत्येक गटाची जिवाणूच्या शरीरात काम करायची एक ठरलेली जागा असते. ती जागा त्या जिवाणूत असली, औषध तिथवर पोहोचलं आणि जिवाणूने त्याच्यावर तोड काढलेली नसली, तर सत्तर वर्षांपूर्वीची गोळीही काम फत्ते करते. यातलं एक जरी चुकलं, तर अतिदक्षता विभागातलं महागडं इंजेक्शनही सलाइनच्या पाण्याइतकंच उपयोगी. जागाही अशी निवडलेली असते की ती आपल्या पेशीत नसावी, किंवा असली तरी वेगळ्या घडणीची असावी. जिवाणू मरतो आणि आपण वाचतो ते त्यामुळेच.

सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा म्हणजे जिवाणूची भिंत. आपल्या पेशींना फक्त मऊ पटल असतं. बहुतेक जिवाणूंना त्या पटलाबाहेर पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची ताठ भिंत असते: साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्या एकमेकींना बांधून ठेवणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. या भिंतीची गरज मोठी आहे, कारण आतला दाब प्रचंड असतो. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत तो २० वातावरणांच्या आसपास जातो. भिंतीला भोक पडलं की जिवाणू फुगतो आणि फुटतो.

आता पेनिसिलिन काय करतं ते पाहा. आपल्याकडे चिऱ्यांची भिंत बांधताना चिऱ्यावर चिरा नुसता ठेवला तर भिंत उभी दिसते, पण सांध्यात माल भरला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात ती कोसळते. जिवाणूच्या भिंतीतले सांधे जोडण्याचं काम काही एन्झाइम, म्हणजे रासायनिक कामं करणारी प्रथिनं, करतात. डी-अॅलानीन या अमिनो आम्लाच्या ज्या जोडीच्या टोकाला धरून ते सांधा जोडतात, त्या टोकासारखाच पेनिसिलिनचा आकार असतो. एन्झाइम त्याला धरतं आणि कायमचं अडकून बसतं. इकडे जिवाणूची वाढ चालूच असते. वाढायचं तर जुनी भिंत जागोजागी कापून नवा भाग घालावा लागतो. कापणं सुरू राहतं, जोडणं बंद पडतं, आणि जिवाणू स्वतःच्याच वाढीने फुटतो.

यातून एक गोष्ट निघते जी उपचारात फार महत्त्वाची ठरते. पेनिसिलिनला वाढणारा जिवाणू लागतो. निपचित पडलेल्या जिवाणूचं ते फारसं काही बिघडवत नाही. १९५१ साली न्युमोकॉकसच्या मेंदूज्वराच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं पेनिसिलिन दिलेल्या रुग्णांपेक्षा पेनिसिलिनच्या जोडीला टेट्रासायक्लिन गटातलं औषध दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कितीतरी जास्त झाले. टेट्रासायक्लिनने जिवाणूंची वाढ थांबवली आणि पेनिसिलिनच्या हातचं कामच काढून घेतलं. दोन औषधं म्हणजे दुप्पट ताकद, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्सोन, मेरोपेनेम ही सगळी याच घराण्यातली. त्यांच्या रेणूत चार कोनांचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम कडं, आणि खरं काम तेच करतं. फ्लेमिंगना १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात बुरशीच्या कडेने जिवाणू विरघळलेले दिसले. फ्लोरी, चेन आणि त्यांच्या ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांनी पुढे १९४० च्या सुमारास त्यातून माणसाला देता येईल असं औषध काढलं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. पण पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याच्या आधीच, १९४० मध्येच, हे कडं तोडणारं एन्झाइम जिवाणूत सापडलं होतं. मातीतल्या बुरशी आणि जिवाणू हा झगडा आपल्या कितीतरी आधीपासून खेळत आले आहेत.

त्या एन्झाइमला बीटा-लॅक्टमेझ म्हणतात, आणि आजच्या रिपोर्टमधली निम्मी गोष्ट त्याचीच असते. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनेट असलेली गोळी तुमच्या घरात कधीतरी आली असेलच. त्यातलं क्लॅव्ह्युलॅनेट स्वतः जिवाणूला जवळजवळ काही करत नाही. ते त्या एन्झाइमला गुंतवून निकामी करतं, म्हणजे अमॉक्सिसिलिन शाबूत राहतं. मग जिवाणूंनी सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी पुढची औषधंही तोडणारी एन्झाइम मिळवली. रिपोर्टवर 'ईएसबीएल' लिहिलेलं दिसतं ते हेच. त्यावर मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं आली, तर त्यांनाही तोडणारी एन्झाइम निघाली. त्यातल्या एकाचं नाव २००९ साली आपल्या राजधानीवरून 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ' ठेवलं गेलं आणि मोठा वाद झाला. ते जस्ताच्या आधाराने काम करतं, त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनेटलाही दाद देत नाही.

भिंतीवरच काम करणारं, पण वेगळ्या तऱ्हेने, ते व्हॅन्कोमायसिन. एन्झाइमकडे न जाता ते थेट त्या डी-अॅलानीनच्या टोकांवर जाऊन बसतं, त्यामुळे जोडणी होतच नाही. बीटा-लॅक्टमेझचं त्याच्यावर काही चालत नाही. मग लोक म्हणतात, हेच ते सगळ्यात पावरफुल! तुमच्या आईंच्या ई. कोलायवर मात्र त्याचा परिणाम शून्य.

कारण असं. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी जिवाणू रंगवायची जी रीत काढली, ती आम्ही आजही रोज वापरतो. जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह: त्यांची भिंत जाड आणि उघडी. रंग सोडून गुलाबी दिसणारे ते ग्राम-निगेटिव्ह: त्यांची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक स्निग्ध पटल. त्या पटलातली छिद्रं अरुंद असतात. अमॉक्सिसिलिनचा छोटा रेणू त्यातून आत जातो. व्हॅन्कोमायसिनचा रेणू जवळपास चौपट वजनाचा, तो बाहेरच राहतो. ई. कोलाय ग्राम-निगेटिव्ह आहे. म्हणजे भावाच्या मागणीप्रमाणे असं 'हेवी' इंजेक्शन दिलं असतं, तर मूत्रपिंडाला त्रास झाला असता आणि ई. कोलाय मजेत वाढत राहिला असता.

त्या बाहेरच्या पटलावरच घाव घालणारं औषध म्हणजे कोलिस्टिन. ते पटलातल्या मेदाला चिकटून त्याला भेगा पाडतं. आपल्या पेशींचं पटल काही अगदीच निराळं नाही, म्हणून ते मूत्रपिंडांना जड जातं आणि दुसरा इलाज नसतानाच वापरतात. कोंबड्यांच्या खाद्यात हेच औषध वाढीसाठी घातलं जात होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये त्यावर बंदी आणली. ती आणखी आधी यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरी मोठी जागा, रायबोसोम. प्रत्येक सजीव पेशीत प्रथिनं रायबोसोमवर तयार होतात, आपल्याही. पण जिवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा लहान आणि वेगळ्या घडणीचा असतो. त्याचे दोन भाग, ३०एस आणि ५०एस, आणि निरनिराळी औषधं त्यांच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. डॉक्सिसायक्लिन ३०एस भागावर अशा ठिकाणी बसतं की नवं अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूला जागाच मिळत नाही. अॅझिथ्रोमायसिन ५०एस भागातल्या बोगद्यात बसतं, जिथून तयार होणारी प्रथिनाची साखळी बाहेर पडते. लिनेझोलिड दोन्ही भाग एकत्र येऊन काम सुरू होण्याआधीच आडवं येतं. जेंटामायसिन, अॅमिकासिन यांची रीत आणखी वेगळी: ती रायबोसोमला संकेत चुकीचा वाचायला लावतात. चुकीची प्रथिनं तयार होऊन पटलात शिरतात, पटल गळकं होतं, त्यातून आणखी औषध आत येतं आणि जिवाणू मरतो. मात्र या गटाला आत शिरायला जिवाणूचं ऑक्सिजनवर चालणारं श्वसन लागतं. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंवर, आणि खोल गळवातल्या पुवात, ती निष्प्रभ ठरतात.

जागा आणि पोहोच यांचं सगळ्यात उत्तम उदाहरण आपल्याला गोव्यात दर पावसाळ्यात बघायला मिळतं. मृग लागला की शेतात चिखल होतो. चतुर्थीपर्यंत नि त्यानंतरही तापाच्या रुग्णांची रीघ लागते. त्यात डेंग्यू, मलेरिया असतातच, पण लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफसही असतात. लेप्टोचा जिवाणू उंदराच्या लघवीतून शेतातल्या, गटारातल्या पाण्यात येतो आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून शरीरात शिरतो. स्क्रब टायफसचा जिवाणू झुडपांतल्या, गवतातल्या बारीक किटकांच्या चाव्यातून येतो. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), काजूच्या डोंगरावर, रानाच्या कडेला काम करणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. दोन्हींत ताप, डोकेदुखी, अंगदुखी. पहिल्या दिवशी नुसतं पाहून फरक सांगणं अवघड.

लेप्टोच्या जिवाणूला भिंत असते आणि त्याच्यावर पेनिसिलिन चालतं. स्क्रब टायफसचा जिवाणू आपल्या पेशींच्या आत राहतो आणि त्याच्यात पेप्टिडोग्लायकन अगदी नाममात्र. त्याला पेनिसिलिन द्या, सेफ्ट्रिअॅक्सोन द्या, मोठ्या मात्रेत द्या, रुग्णाचा ताप हटत नाही. डॉक्सिसायक्लिन मात्र आपल्या पेशीच्या पटलातून सहज आत जातं, आणि रायबोसोम तर त्या जिवाणूला असतोच. एक-दोन दिवसांत ताप उतरतो, इतका की तो उतार हीच निदानाची एक खूण मानली जाते. ही स्वस्त कॅप्सूल लेप्टोवरही चालते, म्हणून पावसाळी तापात आपले डॉक्टर अनेकदा ती आधीच सुरू करतात. गरोदर बाईला तिच्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन देतात. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा ताप असेल तर काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली आहे का ते नीट बघा आणि दिसली तर डॉक्टरांना दाखवा. स्क्रब टायफसची ती फार मोलाची खूण आहे आणि रुग्ण स्वतःहून ती क्वचितच सांगतो.

आणि हेच डॉक्सिसायक्लिन डेंग्यूत काही करत नाही. २०१५ साली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाने माणसं दगावली. त्यातही अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता. दोन्ही रोग विषाणूंचे. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा रायबोसोम. घाव घालायचा कुठे?

तिसरी जागा डीएनए. आईंना आधी दिलेलं सिप्रो इथे काम करतं. ई. कोलायची लांबी २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, आणि त्यात कोंबलेला डीएनएचा धागा उलगडला तर दीड मिलिमीटर भरेल. त्याची नक्कल करताना पीळ वाढत जातो. तो सैल करण्यासाठी गायरेज नावाचं एन्झाइम धागा कापतं, त्यातून दुसरा भाग ओवतं आणि पुन्हा जोडतं. सिप्रो नेमकं कापल्यानंतर आणि जोडण्याआधी एन्झाइमला पकडतं. तुटलेली टोकं तशीच राहतात आणि जिवाणू मरतो. औषध उत्तम आहे, पण जिवाणूला सुटका करून घेणंही सोपं. गायरेजमधलं ८३व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं की सिप्रोची पकड ढिली पडते. गेली कित्येक वर्षं आपल्याकडे ताप-जुलाबापासून खोकल्यापर्यंत सगळ्याला सिप्रो आणि तिची भावंडं दिली गेली. आज भारतभर ई. कोलायमध्ये हा बदल इतका पसरलाय की लघवीच्या संसर्गाला कल्चरच्या आधी सिप्रो देणं हा मला बरा जुगार वाटत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत दुसरंही कारण होतं: या गटाने मधुमेहींची साखर अचानक खाली-वर होऊ शकते, आणि वयस्कांच्या टाचेमागची शीर दुखावू शकते.

रिफॅम्पिसिनही याच टापूतलं. डीएनएवरून आरएनए तयार करणाऱ्या एन्झाइमला ते अडवतं. क्षयरोगाच्या उपचारात ते मुख्य. ते घेताना लघवी नारिंगी होते, घाबरायचं कारण नाही. पण ते एकटं कधीच देत नाहीत. त्याला दाद न देणारा जिवाणू साधारण दहा कोटींत एखादा आपोआप तयार होतोच, आणि फुप्फुसातल्या पोकळीत क्षयाचे जिवाणू त्याहून जास्त असतात. म्हणूनच पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. थुंकीची सीबीनॅट तपासणी दोनेक तासांत जे सांगते ते हेच: क्षयाचा जिवाणू आहे का, आणि त्याच्या त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालाय का.

सल्फा औषधं जिवाणूला फॉलिक आम्ल बनवू देत नाहीत. आपण ते अन्नातून घेतो, त्याला स्वतः बनवावं लागतं. कोट्रायमॉक्साझोलमध्ये याच वाटेवरचे दोन टप्पे दोन औषधांनी अडवलेत. मेट्रोनिडाझोल ऑक्सिजन नसलेल्या जागीच जागं होतं आणि तिथल्या जिवाणूंचा, अमीबाचाही, डीएनए तोडतं.

मारणारी आणि नुसती वाढ थांबवणारी औषधं, असाही एक भेद ऐकिवात असेल. त्यावरून कमी-जास्त ठरवू नका. वाढ थांबलेल्या जिवाणूंना आपल्या पांढऱ्या पेशी संपवतात, आणि रोजच्या बहुतेक संसर्गांत दोन्ही प्रकार सारखेच गुण देतात. हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, मेंदूज्वर, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेला रुग्ण, अशा ठिकाणी मात्र मारणारं औषधच हवं, कारण तिथे आपली फौज पुरेशी नसते.

आता तुमचा रिपोर्ट. त्यावरचा आकडा म्हणजे एमआयसी: ज्या किमान मात्रेला त्या जिवाणूची वाढ प्रयोगशाळेत थांबली ती मात्रा, दर मिलिलिटरला इतके मायक्रोग्रॅम. तो आकडा त्या औषधाच्या ठरलेल्या मर्यादेशीच ताडून बघायचा असतो. दोन औषधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना केली की फसगत होते. आम्ही वापरतो त्या मानकात ई. कोलायसाठी सिप्रोची मर्यादा ०.२५ आहे आणि १ किंवा त्यापुढे थेट प्रतिरोधी. म्हणून ४ ला आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनची मर्यादा ३२ आहे, म्हणून १६ ला एस, म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं. या मर्यादा ठरवताना नेहमीच्या मात्रेत औषध शरीरात किती पातळी गाठतं आणि रुग्ण प्रत्यक्षात बरे होतात का, हे बघितलेलं असतं.

आणि इथेच त्या जुन्या गोळीची खरी खुबी आहे. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे. घेतल्यावर रक्तात त्याची पातळी दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्याही वर फारशी जात नाही, पण मूत्रपिंडं ते झपाट्याने लघवीत टाकतात आणि तिथे ते त्याच्या पन्नासपट-शंभरपट साठतं. मूत्राशयात, जिथे तुमच्या आईंचा ई. कोलाय बसलाय, तिथे १६ हा आकडा ते आरामात ओलांडतं. जिवाणूची स्वतःचीच एन्झाइम त्याला क्रियाशील रूप देतात, आणि मग ते रायबोसोम, डीएनए, इतर प्रथिनं अशा अनेक जागांवर एकदम घाव घालतं. सिप्रोसारखी एकच जागा बदलून सुटका करून घेणं इथे जमत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांनीही बहुतेक ई. कोलाय त्याला बळी पडतात. बीटा-लॅक्टमेझचा तर इथे संबंधच येत नाही, म्हणून ईएसबीएलवाल्या ई. कोलायवरही ते चालतं.

हाच गुण त्याची मर्यादाही आहे. रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात ते पुरेसं पोहोचत नाही. आईंना थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखू लागलं किंवा उलट्या झाल्या, तर संसर्ग वर चढला असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तेव्हा इंजेक्शन लागेल, आणि ते का हे तुमच्या भावाला आता कळेल: तिथे रक्तावाटे मूत्रपिंडात भिनणारं औषध हवं. तुम्ही आईंचं क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारी रक्ततपासणी) कळवलेलं नाही. मधुमेहींची मूत्रपिंडं कधीकधी चुपचाप अशक्त झालेली असतात, आणि ती फार अशक्त असली तर ही गोळी लघवीत साठतच नाही आणि दुष्परिणाम तेवढे वाढतात. अलीकडे तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

गोळी जेवणानंतर द्या. पोटात मळमळ कमी होते आणि औषध नीट शोषलं जातं. लघवी गडद तपकिरी झाली तर ती औषधामुळे. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला सहसा पाच दिवसांचा कोर्स पुरतो, पण मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी सात सांगितले असतील तर सात. गोळ्या सुरू असताना धाप किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर थांबून लगेच विचारा. घरी उरलेलं सिप्रो पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजारच्यांना तर देऊच नका. पट्टीवर लाल उभी रेघ असते ती एवढ्यासाठीच.

जळजळ थांबली की 'सगळं साफ झालं का' हे बघायला पुन्हा कल्चर करू नका. या वयात, आणि मधुमेहात तर जास्तच, काही त्रास नसतानाही लघवीत जिवाणू सापडतात. बहुतेक बायकांत त्यांना औषधाने घालवायची गरज नसते. गरोदरपणात किंवा मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी गोष्ट वेगळी. त्रास परत आला तर मात्र आधी लघवीचा नमुना द्या, सकाळची मधली धार, स्वच्छ बाटलीत. प्रयोगशाळेत लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. आणि पहिली गोळी नमुना दिल्यानंतर घ्या.